एक दिवा इकडचा, एक तिकडचा

काकांनी गाडी घेऊन लेकीकडे जायचं ठरवलं तेव्हा कोणीच हरकत घेतली नाही, कारण काका दर महिन्याला काही ना काही ठरवत असत. मागच्या महिन्यात त्यांनी पोहायला शिकायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी रबरी टोपीही आणली होती. टोपी अजून कपाटात आहे, कोरडी ठणठणीत. हरकती सुरू झाल्या त्या काकांनी खरोखरच गाडीचं तेलपाणी करून घेतल्यावर.

सगळी इमारत त्यांना काका म्हणते. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले इमारतीचे सेक्रेटरीसुद्धा काकाच म्हणतात. हे काकांना मनातून झोंबतं, पण बोलायचं कसं? काकांची हयात नकाशे काढण्यात गेली. इमारतींचे, पुलांचे, पाण्याच्या टाक्यांचे. निवृत्त होऊनही त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन्सिल आणि छोटी पट्टी असते, आणि कोणी टेबल तिरकं ठेवलं तर त्यांना जेवण गोड लागत नाही.

लेक जावयाच्या नोकरीमुळे आठ महिन्यांपूर्वी सीमेपलीकडे राहायला गेली होती. अंतर म्हणाल तर फार नाही. सकाळी निघालं की दुपारी चहाला पोचावं. भानगड एवढीच की आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि सीमा ओलांडली की उजव्या बाजूने.

"बाबा, बसने या हो," लेक फोनवर म्हणाली. "इथे सगळं उलटं आहे. वळलं की माणूस चुकीच्या बाजूला शिरतो. चौकात कुठून कोण येईल कळत नाही. छातीत नुसतं धडधडतं."

"कोणाच्या?"

"कोणाच्याही!" ती घाईघाईने म्हणाली. "मी आपलं सांगते. बस अगदी दारात सोडते."

काकांना ते लागलं. बस दारात सोडते म्हणे! ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःची गाडी स्वतः चालवली, त्याने मांडीवर पिशवी घेऊन लेकीच्या दारात उतरायचं? आता खरं सांगायचं तर गेल्या वर्षात काकांची गाडी इमारतीच्या फाटकाच्या खांबाला दोनदा घासली होती. काकांच्या मते खांब चुकीच्या जागी होता आणि ते त्यांनी मोजून सिद्धही केलं होतं. पण घरात मोजमापांना किंमत नसते.

काकूंनी फोन संपेपर्यंत वाट पाहिली आणि मग शांतपणे निकाल दिला. "गाडीनेच जाऊ. मीही येते. पण एक ऐका. कोणाची मदत न घेता लेकीच्या दारात गाडी उभी केलीत, तर यापुढे तुमच्या ड्रायव्हिंगबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. आणि वाटेत कुठे 'अगं, जरा त्यांना फोन लाव' म्हणालात, की किल्ली माझ्याकडे. कायमची. मग दूध आणायला पायी जायचं."

"कबूल," काका म्हणाले. आवाज खणखणीत निघाला. मग त्यांनी दुधाच्या दुकानापर्यंतचं अंतर मनातल्या मनात मोजून घेतलं, कारण काकू बोलल्या शब्दाला जागतात हे त्यांना लग्न झाल्यापासून माहीत होतं.

दिव्यांचा विषय काढला तो तिसऱ्या मजल्यावरच्या 'तिकडच्यां'नी. हे गृहस्थ एकदा ऑफिसच्या खर्चाने परदेशात जाऊन आले होते. राहिले आठवडाभर, बोलताहेत अजून. प्रत्येक वाक्याची सुरुवात "तिकडे" अशी, म्हणून त्यांना ते नाव पडलं.

"तिकडे जाताय ऐकलं," ते जिन्यात काकांना अडवून म्हणाले. "हेडलाइटचं काय केलंत?"

"काय करायचं? लागतात दोन्ही."

"लागतात! अहो, तिकडे सगळ्यात आधी हेडलाइट बघतात!"

आणि दुर्दैवाने या वेळी ते खरं बोलत होते. काकांनी चौकशी केली तेव्हा समजलं ते असं. आपल्या गाडीचे दोन्ही दिवे उजेड सरळ टाकत नाहीत. दोघंही डाव्या अंगाला जरा वर उजेड टाकतात, म्हणजे कडेचा माणूस, पाटी, फुटपाथ दिसावा. उजव्या अंगाला उजेड खाली ठेवतात, म्हणजे समोरून येणाऱ्याचे डोळे दिपू नयेत. सीमेपलीकडे समोरचा येतो डावीकडून. तिथे हेच दिवे नेले, की तो वर टाकलेला उजेड थेट त्याच्या डोळ्यांत. म्हणून दिव्याच्या काचेवर नेमक्या जागी काळा स्टिकर चिकटवायचा आणि तेवढा उजेड अडवायचा. शिवाय निघण्यापूर्वी वाहन तपासणी कार्यालयाचा तसा दाखला घ्यायचा.

एवढी साधी गोष्ट. पण इमारतीत साधी गोष्ट साधी राहील तर शपथ! संध्याकाळी काकांनी गाडी कुंपणाच्या भिंतीसमोर उभी केली, दिवे लावले आणि खडूने भिंतीवर रेघा मारायला सुरुवात केली. पाच मिनिटांत निम्मी इमारत खाली.

"डावा दिवा उजवीकडे बसवा आणि उजवा डावीकडे," सेक्रेटरी म्हणाले. "इतका कसला विचार करायचा त्यात?"

"तिकडे असं नाही चालत," तिकडचे म्हणाले.

"तिकडे कसं चालतं?"

"ते मी बघितलं नाही. मी टॅक्सीत मागे बसायचो."

मग डावा म्हणजे कोणाचा डावा, यावर जुंपली. सेक्रेटरी गाडीसमोर तोंड करून उभे होते. काका गाडीत बसले होते. सेक्रेटरी ज्याला डावा म्हणत तो काकांचा उजवा, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे कोणीच हटेना. शेवटी सेक्रेटरींना ओढून काकांशेजारच्या सीटवर बसवलं. तेव्हा त्यांनी "आता तुमचं बरोबर आहे" असं मान्य केलं आणि खाली उतरल्याबरोबर ते मागे घेतलं. दरम्यान तळमजल्यावरच्या खिडकीतून आवाज आला की दिवे बंद करता का, आमच्या घरात सिनेमा चालू झालाय.

दुसऱ्या दिवशी काका स्टिकरचं पाकीट घेऊन आले, आणि इथूनच खरी गंमत सुरू झाली.

पाकिटावर सूचना भरपूर होत्या, पण त्यांतली एकही भाषा घरात कोणाला येत नव्हती. चित्र मात्र छान होतं. एका दिव्याचं, स्टिकर कुठे लावायचा त्याच्या मापांसह. दुसऱ्या दिव्याचं चित्रच नव्हतं. आता तुम्ही-आम्ही म्हटलं असतं, दुसराही तसाच लावायचा असेल. पण काका नकाशे काढणारे! नकाशात दोन बाजू सारख्या असल्या की कागद वाचवायला अर्धीच बाजू काढतात आणि उरलेली अर्धी आरशात बघावी तशी उलटी धरतात. हा नियम काकांच्या हाडात मुरलेला. त्यांनी क्षणात ताडलं, की डाव्या दिव्याचा स्टिकर हा उजव्याचा आरसा असणार.

त्यांनी पाकीट फोडलं. आत दोन स्टिकर. दोन्ही एकाच बाजूचे!

"बघ," काका काकूंना म्हणाले. "दोन्ही उजवेच भरलेत. कारखान्यात कोणाचं लक्ष नाही."

"मुद्दामच तसे केले असतील."

"मुद्दाम? तू एका पायातले दोन बूट कधी मुद्दाम विकत आणशील?"

काकूंनी मान डोलावली. बुटांचं त्यांना पटलं होतं.

काका दुकानात गेले. दुकानदाराने दुसरं पाकीट दिलं. काकांनी तिथेच फोडलं. त्यातही दोन्ही उजवे. तिसरं फोडलं, चौथं फोडलं. तोच प्रकार. दुकानदार घाबरला. बिचाऱ्याने आजवर एवढे स्टिकर विकले होते आणि कोणी तक्रार केली नव्हती. "सगळा लॉटच गेलेला दिसतोय, साहेब," तो म्हणाला आणि काकांसमोर कान धरायचा तेवढा बाकी ठेवला. काकांनी आपल्याकडचा जादा स्टिकर त्याला परत केला, सगळा माल कंपनीला परत पाठवायला लावलं आणि त्याला उदार मनाने माफ केलं. "तुझा काय दोष? तू फक्त विकतोस."

मग काकांनी घरी येऊन काळ्या चिकट कागदातून स्वतः डावा स्टिकर कापला. मोजून, आखून, ब्लेडच्या टोकाने. काम इतकं सुबक झालं होतं की कंपनीचा स्टिकर त्याच्यापुढे ओबडधोबड दिसावा. चिकटवायला पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, कारण काकांचा हात अशा वेळी थरथरतो. बाईंनी कपाळावर दिवा बांधला, चिमट्याने स्टिकर धरला आणि गाडीच्या काचेला म्हणाल्या, "अजिबात हलायचं नाही हं." सवय, दुसरं काय! स्टिकर केसभरही न हलता बसला. दोन्ही दिव्यांवर दोन काळे त्रिकोण, एकमेकांकडे तोंड करून. सगळ्यांनी लांब जाऊन पाहिलं आणि वा वा केली. इमारतीचं एकमत मी तरी त्यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

काका गाडी घेऊन तपासणी कार्यालयात पोचले. खिडकीतल्या साहेबांनी बाहेर वाकून पाहिलं.

"दिवे बदललेत?"

"हो. अगदी मापात."

"असे दिवे लावून इथपर्यंत आलात? हे दिवे आपल्या रस्त्यावर चालत नाहीत. गुन्हा आहे."

"बरं, मग काढतो."

"काढलेत तर दाखला कसा देणार? दिवे बदललेले दिसले पाहिजेत."

"म्हणजे लावून आलो तर गुन्हा आणि काढून आलो तर दाखला नाही?"

"आता कसं बरोबर बोललात," साहेब खूश होऊन म्हणाले. बहुतेकांना हे इतक्या लवकर कळत नसावं.

"पण दिवसा दिवे कोण लावतं? आत्ता ऊन आहे!"

"दिवे लावले नाहीत तरी दिवे आहेतच ना?"

काका घरी आले आणि त्यांनी गॅरेजवाल्याला बोलावलं. नियम असा होता की गाडी चालवायची नाही. ओढत न्यायला कोणाची ना नव्हती. गॅरेजवाला क्रेन घेऊन आला, गाडीचं पुढचं तोंड उचललं आणि चांगली धडधाकट, धुऊनपुसून लख्ख केलेली गाडी फाटकातून ओढत बाहेर काढली. काका क्रेनमध्ये पुढे बसले होते. चौकात भाजीवाली हळहळली, इस्त्रीवाल्याने इस्त्री बाजूला ठेवून विचारलं, "कोणाला लागलं तर नाही ना?" काकांनी "दाखल्याला नेतोय" असं ओरडून सांगितलं, पण क्रेनच्या आवाजात त्यांतलं "नेतोय" तेवढं ऐकू आलं. लोकांचे चेहरे आणखीच गंभीर झाले.

कार्यालयात साहेबांनी या वेळी बाहेर येण्याचे कष्ट घेतले. दिव्यांकडे पाहिलं. "दोन दिवे, दोन स्टिकर," ते म्हणाले आणि शिक्का मारला. काकांना वाटलं होतं निदान ते सुबक कापकामाबद्दल काहीतरी बोलतील. पण सरकारी माणसाला कलेची नजर कुठून असणार?

घरी येऊन पाहतात तो फोन वाजत होता. सेक्रेटरींनी शेजारधर्म पाळून लेकीला कळवलं होतं, की गाडी क्रेनने नेली, काका धक्क्यात आहेत, पण चालतेबोलते आहेत.

"बाबा!" लेक रडवेली झाली होती. "खांबच होता ना?"

"कसला खांब? गाडी उत्तम आहे."

"मग क्रेन कशाला?"

काकांनी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "मी बसची तिकिटं काढते."

"खबरदार!" काका गरजले आणि फोन ठेवला. काकू समोर बसून भाजी निवडत होत्या. त्यांनी नुसता उजवा तळहात उघडून पाहिला, किल्ली किती जड असेल याचा अंदाज घ्यावा तसा.

निघायच्या दिवशी गाडीने सीमेपर्यंत लोण्यातून सुरी जावी तसा प्रवास केला. स्टिकर काढून जपून ठेवले होते. ते सीमेच्या अलीकडे, डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या चिमट्याने, काकांनी खुणेवर खूण ठेवून पुन्हा लावले. काका शीळ घालत होते. काकूही शीळ ऐकून घेत होत्या, म्हणजे वातावरण किती चांगलं होतं ते समजा.

सीमेवर एक लांब, अंधारी शेड होती. आत गाडी घ्यायची, दिवे लावायचे आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर उजेड कसा पडतो ते तिथली तपासनीस बघणार. तपासनीस म्हणजे एक धिप्पाड, हसऱ्या बाई. काकांनी दाखला पुढे केला. बाईंनी तो न वाचता खिशात घातला.

"दिवे लावा."

काकांनी लावले. बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग जवळ जाऊन पाहिलं. मग हाक मारून आणखी दोघांना बोलावलं. मागे गाड्यांची रांग वाढत होती आणि रांगेतले लोकही उतरून पडद्यापाशी आले. काकांना आधी वाटलं, कामाची तारीफ चालली आहे.

"हे कोणी केलं?" बाईंनी विचारलं.

"मी," काका छाती काढून म्हणाले. "एक तर पाकिटातच चुकीचा होता, तो मी सुधारून कापला."

बाई हसायला लागल्या त्या थांबेनातच. डोळे पुसत म्हणाल्या, "आजोबा, चुकीचा नव्हता हो! दोन्ही दिवे एकाच अंगाला उजेड टाकतात. स्टिकर दोन्हीकडे सारखेच लागतात. हे बघा पडद्यावर. तुमचा एक दिवा इकडचा आणि एक तिकडचा!"

काकांनी पडद्याकडे पाहिलं. उजवीकडचा दिवा शहाण्यासारखा वागत होता. डावीकडच्याने, तो सुबक, मोजून कापलेला त्रिकोण लावलेल्याने, नको तो उजेड मोकळा सोडला होता आणि हवा तो अडवला होता. दोन्ही दिवे उजेड एकाच बाजूला टाकतात, हे काकांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भिंतीवर खडूने त्यांनीच तर ते आखलं होतं! तरी हातात ब्लेड आलं आणि जन्माची सवय जिंकली. काकांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांना त्या क्षणी आठवला तो दुकानदार, ज्याला त्यांनी सगळा चांगला माल परत पाठवायला लावलं होतं. "आजोबा" हा शब्दही त्यांना त्यानंतर दोन मिनिटांनी ऐकू आला आणि तो निराळा लागला.

"दुसरा बरोबर स्टिकर आहे?"

"दुकानात परत केला," काका पुटपुटले.

बाई कडक होत्या, पण दुष्ट नव्हत्या. त्यांनी तो त्रिकोण खरवडला आणि त्या दिव्यावर काळी पट्टी गच्च चिकटवून तो पुरता बंद केला. "दिवसा जा. ऊन आहे तोवर पोचाल. अंधार पडला की गाडी थांबवायची. एका दिव्याने चालवायची नाही. समजलं?"

"आम्ही चहाच्या वेळेला पोचणार आहोत," काका म्हणाले. तेवढीच अब्रू शिल्लक होती.

पोचलेही असते. पण तिकडचा पहिला मोठा गोल चौक आला, आणि तो उलटा फिरायचा होता. काका त्यात शिरले तर बरोबर, पण बाहेर पडायला जमेना. बाहेर पडायची वाट आली की उजवीकडून की डावीकडून बघायचं याचा विचार होईपर्यंत ती मागे जायची. काकूंनी त्याच पुतळ्याचं चारी बाजूंनी दर्शन घेतलं, पुन्हा घेतलं, आणि म्हणाल्या, "छान आहे, पण आता पाठ झालाय." शेवटी काकांनी धीर करून एक वाट पकडली. ती सीमेकडे परत जाणारी होती. हे कळायला बराच वेळ गेला, वळायला जागा मिळायला त्याहून जास्त, आणि पुन्हा त्याच पुतळ्यापाशी आले तेव्हा ऊन उतरलं होतं.

सांज झाली तेव्हा लेकीचं घर जवळच होतं. काकांनी मनाशी म्हटलं, एवढंसं तर राहिलंय. त्यांनी दिवा लावला. एकच लागला, कडेच्या बाजूचा.

समोरून ट्रक येत होता. ट्रकवाल्याला दिसला एक दिवा, तोही पार कडेला, आणि तो स्वाभाविकच धरून चालला की मोटारसायकल आहे. त्याने ऐसपैस, अर्धा रस्ता ओलांडून गाडी आणली. काकूंनी किंकाळी फोडली. काकांनी गाडी कडेच्या खडीत घातली, ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला, आणि मग एकदम शांत झालं. दोघांनाही काही झालं नव्हतं. गाडीलाही नाही.

समोरच पेट्रोल पंप होता. काकांनी चालण्याच्या वेगाने गाडी तिथे आणून लावली आणि इंजिन बंद केलं. काकूंनी किल्लीचा विषय काढला नाही, आणि तेच काकांना जास्त जड गेलं.

"माझ्या हट्टापायी तुला काही झालं असतं तर?" काका म्हणाले. मग त्यांनी किल्ली काढून काकूंच्या हातात दिली. "अगं, फोन लाव."

फोन लेकीने उचलला. जावई अजून कामावरच होता, तो रेल्वेने यायला उशीर होता. गाडी मात्र घरीच होती. पलीकडे किल्ल्या खणखणल्या. मग लेक म्हणाली, "कुठे आहात नीट सांगा. हलू नका. मी येते."

ती आली. पंपाच्या आत वळताना तिने गाडी अगदी हळू घेतली, इतकी हळू की मागचा माणूस हॉर्न वाजवून थकला. खाली उतरून तिने आधी आईला मिठी मारली, मग बाबांना, आणि म्हणाली, "माझ्या मागे मागे या. मी पुढे आहे म्हटल्यावर समोरच्यांना दिवे दिसतील." काकूंनी किल्ली काकांना परत दिली. "घरापर्यंतच," त्या म्हणाल्या.

आणि वरात निघाली. लेक पुढे, काका मागे, दोघंही बैलगाडीच्या वेगाने. पहिलं वळण आलं तशी लेकीच्या गाडीचे वायपर सुरू झाले. पावसाचा थेंब नव्हता, काच कोरडी, पण वायपर आपले खर्र खर्र हलताहेत. वळण संपलं, वायपर थांबले. दुसऱ्या वळणाला पुन्हा तेच.

"अहो, ही हे काय करते?" काकूंनी विचारलं.

"नियम असणार इथला," काका म्हणाले. दिवसभरात ते एवढं शिकले होते की या देशात आपल्या अकलेवर जायचं नाही. "इथे सगळंच उलटं. वळताना वायपर लावत असतील." आणि पुढच्या वळणाला त्यांनीही वायपर लावले. कायद्यात कमी पडायला नको म्हणून जोडीला आपला नेहमीचा इंडिकेटरही दिला. दोन गाड्या कोरड्या काचा पुसत चौकातून वळल्या, तेव्हा फुटपाथवरच्या एका माणसाने हात पुढे करून पाऊस लागतोय का ते पाहिलं.

घर आलं. लेकीने गाडी दारात लावली, काकांनी तिच्या मागे. दोन्ही इंजिनं बंद झाली. काका उतरून किल्ली काकूंकडे देणार, एवढ्यात त्यांचं लक्ष गेलं, लेक अजून गाडीतच बसली होती. दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून.

काकांनी दार उघडलं. "काय गं? पोचलो की. आणि ते वायपरचं एक विचारायचं होतं. परतताना मलाही वळणावळणाला लावायला लागतील का?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली, मग हसायला लागली आणि हसता हसता रडायलाही. "बाबा, ते चुकून व्हायचं हो! इथे इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला असते. मी आपली उजव्या हाताने शोधत होते, तुमच्या गाडीत शिकवलंत तशी."

"आठ महिने झाले, अजून सवय नाही?"

"आठ महिने कुठले! मी आज पहिल्यांदा चालवली." ती डोळे पुसत म्हणाली. "इथे आल्यापासून हात नाही लावला. भीतीच वाटायची. कुठे जायचं तर रविवारची वाट बघायची, हे नेतील तेव्हा. नाही तर दिवसभर घरात. तुम्हाला बसने या म्हणत होते ना, ते माझीच छाती धडधडायची म्हणून. आज तुम्ही दोघं अंधारात अडकलात म्हटल्यावर किल्ली कधी उचलली तेही कळलं नाही मला."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. काकू दोघांकडे बघत होत्या. मग त्यांनी काकांनी पुढे केलेली किल्ली घेतली, मिनिटभर हातात धरली आणि पुन्हा काकांच्या शर्टाच्या खिशात टाकून दिली.

"अहो," त्या म्हणाल्या, "मग उद्याही जरा कुठेतरी लांब जाऊन अडकून बसा."

"बघतो," काका म्हणाले, "जमवतो."